'उद्रेक' लिहिण्याआधी

मोर्चावर लाठी चालली, दगड पडले, एखादी गाडी जळाली, की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात 'उद्रेक' किंवा 'भडका' ठरलेला असतो. इंग्रजी पत्रांत त्या जागी आउटबर्स्ट, आउटब्रेक येतात आणि पोलिसांच्या कागदांत रायट. काल काही नव्हते, आज अचानक झाले, असेच हे सारे शब्द सुचवतात. इंग्रजीत आउटब्रेक पटकीच्या साथीलाही लागतो. उद्रेक आपण ज्वालामुखीचाही म्हणतो. साथीला मागणी नसते, ज्वालामुखीशी बोलणी करता येत नाहीत. तोच शब्द माणसांच्या रागाला लावला, की त्यांची मागणी काय होती हे विचारायचे राहूनच जाते. रायगड जिल्ह्यातली गेल्या शंभर वर्षांतली मोठी आंदोलने पाहिली, तर हा शब्द तिथे खोटा ठरतो.

ही सवय इंग्रजी राज्यातली. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात सुरुवात होऊन पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाचे नाव डेक्कन रायट्स कमिशन. चौकशीत पुढे आले ते मात्र वर्षानुवर्षांचे: अमेरिकेतली यादवी संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव, वाढवलेला शेतसारा, फेडता न फिटणारे कर्ज. 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदाही करावा लागला. तरी पुस्तकांतून आजही 'दख्खनचे दंगे' हेच नाव चालते.

आता अलिबाग तालुक्यातल्या चरीकडे पाहा. खोतांची जमीन कसणाऱ्या कुळांनी 27 ऑक्टोबर 1933 रोजी सभा भरवली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरवले, की खोतांची शेते लावायची नाहीत. पंचवीस गावे या निर्णयात उतरली आणि जवळजवळ सहा वर्षे त्यावर टिकली. पावसाळा तोंडावर आलेला असताना भाताचे शेत ओसाड सोडणे म्हणजे वर्षभराचे पोट पणाला लावणे. लोकांनी जळाऊ लाकूड विकून, मिळेल ते काम करून दिवस काढले. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी शेतकऱ्यांची बाजू मांडणारे 'कृषीवल' हे पत्र निघाले. 1939 मध्ये मुंबई प्रांतात कुळकायदा झाला. गावांनी आपल्या लढ्याला नाव दिले ते 'संप'. त्या नावात ठराव आहे, एकजूट आहे, आणि आपण काय गमावणार याचा आधीच केलेला हिशेब आहे. भात न लावणाऱ्या शेतकऱ्याचा 'भडका उडाला' असे कोण म्हणेल?

महाडला हा प्रश्न आणखी टोकदार होतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 चा; महाड नगरपालिकेने तो 1924 मध्ये स्वीकारला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आणि महाडला भरलेल्या परिषदेला आलेले लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि परतले. त्यानंतर, आता देवळात घुसणार अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ला झाला. याला 'दंगल' म्हटले, की ठरावाने खुले झालेले पाणी पिणारा आणि त्यासाठी त्याला मारणारा एकाच ओळीत येऊन बसतात. असा शब्द तटस्थ नसतो. तो मारणाऱ्याच्या सोयीचा असतो.

उरणचे उदाहरण तर अनेकांच्या आठवणीतले. इथल्या शेतजमिनी घेणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना मार्च 1970 मधली. जासई आणि परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला तो 16 आणि 17 जानेवारी 1984 ला; पाच जणांचा बळी गेला. मधली जवळपास चौदा वर्षे रिकामी नव्हती. नेतृत्व होते दि. बा. पाटील यांचे. विधानसभेत आणि लोकसभेत बसून आलेला, कायदा जाणणारा तो माणूस. मागणी होती जमिनीच्या भावाची आणि विकसित जमिनीतल्या वाट्याची. अशा मागणीला लेखणी लागते, आकडेमोड लागते.

यावर कोणी म्हणेल, सारेच काही ठरवून होत नाही. गर्दी खरोखर बिथरते. मान्य. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळ्या सुटल्या, त्या क्षणी काय होणार हे सत्याग्रहींच्या हाती नव्हते. पण तो क्षण अचानक आला म्हणून त्यामागचा सत्याग्रह अचानक ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अचानक हा शब्द आरोपीला वाचवतो; गंभीर आणि आकस्मिक चिथावणीने झालेली हत्या फौजदारी कायदा खून मानत नाही. मग आंदोलन आकस्मिक नव्हते असे लिहून आपण पोलिसांच्या हाती 'कट' हा शब्द देतो का? भीती खरी आहे, पण तयारी आणि कट यांत अंतर आहे. कट लपून होतो. चरीचा निर्णय भरसभेत झाला, महाडचा आधार नगरपालिकेच्याच ठरावाचा होता. एकट्या माणसाला खटल्यात 'अचानक'ने सवलत मिळते. गावाला तोच शब्द लावला, की गावाने विचार केला होता हेच नाकारले जाते.

पत्रांत जागा कमी असते, मथळा छोटा लागतो, ही अडचणही खरी. तरी 'उद्रेक'च्या जागी 'चौदा वर्षांनी गोळीबार' बसतो. म्हणून वार्ताहरांना आणि संपादकांना विनंती आहे: पुढच्या वेळी किनाऱ्यावर बंदर, कारखाना किंवा रस्त्यासाठी जमीन जाताना गाव रस्त्यावर उतरले, तर बातमीच्या पहिल्या परिच्छेदात त्या गावाच्या पहिल्या अर्जाची तारीख छापा. ती तहसील कचेरीत शिक्क्यासह मिळते.