विश्लेषण : परदेशातून परतलेल्या स्वयंसेवकांची संघटना कशासाठी? ती टिकते कशी?

अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, ‘पीस कोअर’च्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत आल्या. पेशाने परिचारिका असलेल्या या बाई विक्रोळीत गोदरेजच्या वसाहतीतील दवाखान्यात काम करत. १९७७ मध्ये मुलगा अध्यक्ष झाला, त्यांची भारतातून लिहिलेली पत्रे पुस्तकरूपात आली आणि त्या भारताबद्दल बोलू लागल्या की अमेरिका ऐकू लागली. १९६१ ते १९७६ या काळात भारतात असे चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. उरलेल्यांचे कोण ऐकणार होते?

परतणे अवघड का?

जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी पीस कोअरची स्थापना केली. उद्दिष्टे तीन. गरजू देशांना प्रशिक्षित माणसे देणे, तिथल्या लोकांना अमेरिकी माणूस कळणे आणि अमेरिकी लोकांना बाहेरचे जग कळणे. पहिली दोन उद्दिष्टे सेवेच्या सव्वादोन वर्षांत साधता येतात. तिसरे सुरू होते घरी परतल्यावर आणि नेमकी तेव्हाच सरकारची जबाबदारी जवळपास संपलेली असते. हाती एक ठरावीक रक्कम पडते, केंद्र सरकारच्या नोकरभरतीत वर्षभर सवलत मिळते, एवढेच.

इकडे मित्र नोकरीत पुढे गेलेले असतात. घरच्यांचे कौतुक पहिल्या आठवड्यात आटोपते. शिकलेली नेपाळी किंवा स्वाहिली बोलायला समोर कोणी नसते. सेवेच्या काळात जडलेले दुखणे पुढे बळावले, तर भरपाईचा दावा कामगार खात्याकडे करायचा. म्हणजे पुन्हा कागदपत्रे आणि खेटे. अशा वेळी याच वाटेने आधी गेलेला माणूस लागतो, आणि तो शहरात कुठे राहतो हे माहीत असावे लागते.

पहिला प्रयत्न का विरला?

परतलेल्यांनी १९६६ च्या सुमारास एक समिती उभारली होती. तिचा जोर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधावर होता. मे १९७० मध्ये या समितीच्या लोकांनी वॉशिंग्टनमधील पीस कोअरच्याच मुख्यालयात शिरून काही भागाचा ताबा घेतला! काही वर्षांतच समिती विरली. रागावर उभी राहिलेली संघटना राग ओसरला की संपते. तरी तिला अपयशी म्हणून मोडीत काढणे बरोबर नाही. परतलेले स्वयंसेवक म्हणजे सरकारी जाहिरातीतले हसरे चेहरे नव्हेत, हे तिनेच प्रथम दाखवले.

आजची ‘नॅशनल पीस कोअर असोसिएशन’ १९७९ मध्ये सुरू झाली. ती सरकारी नाही. तिचे खरे बळ दुहेरी विणीत आहे. काही गट शहरांचे किंवा राज्यांचे, काही गट सेवा केलेल्या देशांचे. नेपाळहून विस्कॉन्सिनला परतलेला माणूस दोन्हींत असू शकतो. शहराचा गट नोकरी, घर, डॉक्टर यांत मदतीला येतो. देशाचा गट भाषा जपतो आणि तिकडे भूकंप झाला की पैसे उभे करतो. विस्कॉन्सिनमधील मॅडिसनचा गट १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभरातील छायाचित्रांची दिनदर्शिका काढतो. तिच्या विक्रीतून त्याने दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम विविध देशांतील प्रकल्पांना दिली आहे. वर्षातून एकदा जेवणावळ करणाऱ्या मंडळाला हे जमत नाही. हाताला काम असले की माणसे टिकतात.

कसोटी कधी लागली?

मार्च २०२० मध्ये करोनामुळे ६० हून अधिक देशांतील सुमारे सात हजार स्वयंसेवकांना काही दिवसांत परत बोलावले गेले. अनेकांना गावाचा धड निरोपही घेता आला नाही. परतले ते बेरोजगार म्हणून, टाळेबंदीत. राष्ट्रीय संघटनेने त्यांच्यासाठी मदतीचा उपक्रम उघडला, बेरोजगारी भत्ता आणि आरोग्य विम्यासाठी लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा केला. हे जमले, कारण जाळे आधीपासून विणलेले होते. संकटाच्या दिवशी पत्त्यांची वही उघडून बसणाऱ्याला उशीर झालेला असतो.

जपान काय करतो?

जपानने अशी योजना १९६५ मध्ये सुरू केली. ती आज ‘जायका’ ही सरकारी संस्था चालवते. तिथे नोकरी न सोडता जाण्याची सोय आहे. शिक्षकांसाठी २००१ पासून खास व्यवस्था आहे. त्यामुळे परतीचा निम्मा प्रश्न जाण्याआधीच सुटतो. परतलेल्यांची राष्ट्रीय संघटना १९८३ ची, आणि ती जायकाची कामेही करत आली आहे. यात स्थैर्य आहे. मात्र काम देणाऱ्यालाच चार शब्द सुनवायचे, तर जीभ अडखळणार.

मग बांधणी कशी हवी?

सदस्यांची यादी आणि तिजोरी संघटनेच्या स्वतःच्या हातात हवी. नोंदणी मायदेशी परतल्यावर नको, सेवा संपण्याच्या शेवटच्या महिन्यांतच हवी. नंतर पत्ते बदलतात, माणसे हरवतात. नुकत्याच परतलेल्याकडे वर्गणी मागणे तर शुद्ध अरसिकपणा. पदांवर दोन-तीन वर्षांपूर्वी परतलेली तरुण मंडळी असावीत. नाहीतर संघटना ‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्यांचा कट्टा होते.

भारतापुरते सांगायचे तर इथला कार्यक्रम १९७६ मध्ये थांबला, म्हणजे या गटात नवा सदस्य येणारच नाही. पंचविशीच्या आत आलेले शेवटचे स्वयंसेवकही आता सत्तरीत आहेत. बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात परतलेल्या स्वयंसेवकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती जतन केल्या आहेत. त्या स्वयंसेवकांबरोबर कोंबड्या पाळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, त्यांना आपली भाषा शिकवणाऱ्या इथल्या माणसांच्या आठवणीही मुद्रित व्हायला हव्यात, आणि तीही माणसे आज त्याच वयाची आहेत.