बंदूक शेवटी येते

डोंगरी लोकांच्या रक्तातच बंड असते, असे सांगणाऱ्या विद्वानांचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. नागा, मिझो ही नावे वर्तमानपत्रात दिसली की चकली मोडता मोडता हे निदान ठरलेले! या मंडळींनी एकदा आमच्या शहापूरवरून मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याशी जाऊन यावे.

तेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सरकारदप्तरी दोघे बंडखोर. पण हे कोतवाल आधी करीत काय होते? वकील माणूस, माथेरानच्या नगरपालिकेत बसले, खेड्यांत शाळा काढल्या, सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून धान्यपेढी चालवली. १९४२ च्या ऑगस्टात पुढारी तुरुंगात गेले, बोलायची सोय उरली नाही, तेव्हा कुठे आझाद दस्ता उभा राहिला आणि विजेचे मनोरे कोसळू लागले.

मिझोंची गोष्टही धान्यापासूनच सुरू होते. १९५९ च्या सुमारास बांबू फुलला, उंदीर माजले, पिके फस्त झाली. बांबू फुलला की दुष्काळ, हे तेथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक होते. त्यांनी आधीच मदत मागितली. आसाम सरकारने ती भाकडकथा ठरवली. वर १९६० साली असमिया राजभाषेचा कायदा! तांदूळ वाटायला निघालेल्या लालडेंगांच्या संघटनेचा १९६१ साली पक्ष झाला आणि १९६६ साली पक्षाची फौज. मग आपल्याच विमानांनी ऐजॉलवर मारा केला.

आणि आम्ही मराठी माणसे काय गरीब गाय होतो? संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसे पडली, तरी कोणी फौज काढली नाही. कारण १९५७ साली आमची मते मोजली गेली, समितीचे उमेदवार निवडून आले, १९६० साली राज्य मिळाले. आम्हांला देशातून फुटायचे नव्हते, हे खरे. पण तांदूळ वाटणारे तरी फुटण्यासाठी कुठे निघाले होते?

बंदुकीची मला हौस नाही. मिझोंची वीस वर्षे तिने खाल्ली, आणि १९८६ साली समझोता झाला तो कागदावरच. ज्यांना देशद्रोही म्हटले तेच लालडेंगा मुख्यमंत्री झाले. मग तो कागद १९५९ सालीच का वाचला नाही?

भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जाते. उन्हाळ्यात येथल्या पाड्यांवर टँकर येतो. बायका अजून हंडे घेऊन कचेरीत अर्जच देतात. त्या अर्जांच्या पोचपावत्या मी पाहिल्या आहेत. उत्तर अद्याप पाहिलेले नाही.