दोन मार्कांचा चुना

मी मुळात भांडखोर माणूस नाही. रिक्षावाला ‘सुटे नाहीत’ म्हणाला, तर मी उरलेले पैसे सोडून देतो आणि वर त्यालाच ‘थँक्यू’ म्हणतो. वाण्याने शेंगदाण्यांत खडे दिले, तर खडे वेगळे काढून निमूटपणे कुंडीत टाकतो. पण गेल्या महिन्यात मंचरला मेहुण्यांच्या ओसरीवर पोहे खात असताना माझ्यातला शांत माणूस संपला, आणि त्याला कारण झाली वीस मार्कांची एक उत्तरपत्रिका.

मेहुण्यांची नात सातवीत आहे. तिने तपासून आलेला विज्ञानाचा पेपर माझ्यापुढे धरला. वीसपैकी अठरा. मी सवयीने ‘शाबास’ म्हणालो.

“शाबास काय आजोबा? दोन का गेले ते बघा ना!”

बघितलं. ‘खालील बदल भौतिक की रासायनिक ते सकारण लिहा’ असा प्रश्न होता. पहिला बदल कागद फाडणे. पोरीने लिहिलं होतं, ‘भौतिक. कारण फाडलेला कागद पुन्हा सांधत नाही, पण तुकडे कागदाचेच राहतात.’ त्यावर लाल शाईची फुली आणि शेरा : ‘कारण चूक. मूळ पदार्थ परत मिळतो म्हणून भौतिक.’ दुसरा बदल उसाच्या रसाचा गूळ होणे. तिथे तिने लिहिलं होतं, ‘दोन्ही.’ त्यावर तर नुसता भोपळा, आणि शेजारी ‘एकच उत्तर लिहावे. रासायनिक.’

मी तो पहिला शेरा तीनदा वाचला. मग पोह्यांच्या बशीखालचं वर्तमानपत्र ओढून घेतलं, त्याचे दोन तुकडे केले आणि वाट बघत बसलो. बायकोने विचारलं, “हे काय चाललंय?”

“मूळ पदार्थ परत मिळायची वाट बघतोय,” मी म्हणालो.

खरी गोष्ट अशी की हा शेरा मला परका नव्हता. माझ्या लहानपणी आमच्या मास्तरांनी फळ्यावर हेच लिहून दिलं होतं आणि मी ते पाढ्यांसारखं घोकलं होतं. भौतिक बदल तात्पुरता, मूळ पदार्थ परत मिळतो. रासायनिक बदल कायमचा, मूळ पदार्थ परत मिळत नाही. मला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. म्हणजे ज्याला काही कळलं नाही त्याला पैकीच्या पैकी, आणि जिला कळलं तिचे दोन कापले. एवढ्या वर्षांनी स्वतःचे मार्क परत करायची सोय असती, तर मी त्याच दिवशी यष्टी पकडली असती.

त्यातून कागदाची ही थट्टा कुठे चालावी, तर जुन्नरच्या शेजारी! अहो, पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी कागदाला केवढा मान होता. लगदा कुटून हातांनी बनवलेला कागद तो. पुण्याच्या दफ्तरखान्यात अशा हातकागदांवरची मोडी लिखाणं अजून जागेवर आहेत. आणि आपलं वर्तमानपत्र गच्चीवर चार दिवस उन्हात ठेवा, पिवळं पडतं. कोणी फाडलेलं नसतं, चुरगळलेलं नसतं. अंगातल्या लाकडाच्या अंशावर ऊन आणि हवा आपलं काम करत असतात, तो रासायनिक बदल. म्हणजे टराटरा फाडलं तो भौतिक, आणि नुसतं पडून राहिलं तो रासायनिक. कोणता बदल मोठ्याने ओरडतो यावर काही नसतं. जे होतं ते अजून तेच आहे का, एवढंच विचारायचं असतं. पोरीने नेमकं तेच लिहिलं होतं.

बरं, ‘परत मिळतो तो भौतिक’ हा नियम उलट्या बाजूने तरी टिकतो का? मी मेहुण्यांना म्हटलं, “शिवनेरीवर जाऊन आलात ना कधी?”

“दाजी, जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे विचारता?”

तर गडावरच्या जुन्या बांधकामाच्या सांध्यांतला चुना आठवा. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो, इतका तापतो की अंगावर उडाला तर कातडी सोलून निघावी. मग तो वाळूत घोटायचा, दगडांच्या फटींत भरायचा आणि वाट बघायची. वर्षानुवर्षं तो हवेतून पुन्हा तोच वायू ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. दगडाचा चुना झाला, चुन्याचा दगड झाला, मूळ पदार्थ अगदी हसत हसत परत आला. आणि या वाटेवरची एकूण एक पायरी रासायनिक! लाल शाईवाल्या नियमाप्रमाणे हा भौतिक बदल ठरला पाहिजे. या नियमाने पिढ्यान्‌पिढ्या पोरांना जो लावला तोही चुनाच, फक्त तो अजून घट्ट झालेला नाही, खरवडता येईल अशी मला आशा आहे.

दगड-चुना लांबचा वाटत असेल तर बटाटा घ्या. मंचरच्या बाजारात बटाट्याची उलाढाल काय चालते ते सांगायला नको, आणि सातगाव पठाराचा बटाटा खाल्लेला माणूस दुसऱ्या बटाट्याला सहसा नावाजत नाही. हाच बटाटा शीतगृहात फार थंड ठेवला की गोड होतो, कारण त्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. त्याचे वेफर तळले की काळपट पडतात आणि घरची बाई तेलाला दोष देते. तोच बटाटा बाहेर काढून दोनेक आठवडे साध्या हवेत ठेवा. गोडी कमी होते, साखरेचा काही भाग पुन्हा पीठ होतो. पिठाची साखर, साखरेचं पीठ. रासायनिक बदल, आणि तोही बऱ्यापैकी माघारी फिरणारा. बिचाऱ्या बटाट्याने गाइड वाचलेलं नसतं.

आता दुसरा मार्क, गुळाचा. इथे माझा आवाज जरा चढला, हे कबूल करतो. कारण ही पोर गुऱ्हाळावर वाढलेली. मेहुण्यांच्या शेजाऱ्यांचं गुऱ्हाळ आहे, आणि हिचं अर्धं बालपण तिथे काकवी चाटण्यात गेलेलं. मी विचारलं, “दोन्ही का लिहिलंस?”

ती म्हणाली, “रसातलं पाणी वाफ होऊन जातं ते भौतिक. पण नुसतं पाणीच गेलं असतं तर गूळ पांढरा नसता का झाला? साखर तर पांढरी असते. रंग नि वास नवा येतो ना.”

मी आणखी काय सांगणार? काहिलीत रस पडतो, खाली चुलवणात चिपाडं धडधडत असतात, आणि वर एकाच वेळी दोन नाटकं चालू असतात. पाणी वाफ होऊन जात असतं. रसातली साखर रसात आधीपासूनच असते, ती फक्त दाट होत असते. पण त्याच वेळी थोडी साखर फुटून तिच्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे होतात, तापून करपट-तांबूस रंग धरतात, आणि तो वास सुटतो ज्याने रस्त्यावरची मोटार आपोआप गुऱ्हाळाकडे वळते. गुळव्या भेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणतो. चिमूटभर चुना घालून रसाचा आंबटपणा मारतो, कारण आंबट रसात साखर जास्त फुटते आणि मग गुळाची ढेप न बसता नुसता चिकटा होतो. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघतो. त्या माणसाला ‘भौतिक की रासायनिक, एकच लिहावे’ असा प्रश्न घातला, तर तो फावडं हातात देऊन म्हणेल, “ढवळा जरा, म्हणजे कळंल.” ज्या पोरीने उभं राहून हे पाहिलं, तिला शून्य.

तुम्ही म्हणाल, एका मार्कासाठी एवढा आटापिटा कशाला? मार्कासाठी नाहीच. याच शाळांतून शिकलेली आमच्यासारखी माणसं मोठी होऊन गाडीतून त्या गुऱ्हाळावर उतरतात आणि पहिला प्रश्न टाकतात, “केमिकल नाही ना?” रासायनिक म्हणजे कायमचं बिघडलेलं, न परतणारं, म्हणजेच वाईट, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आणि दुसऱ्याच दमात म्हणतात, “जरा पिवळा द्या हो, हा काळा दिसतोय.” त्या पिवळ्या रंगासाठीच तर कुठे कुठे रसात हायड्रोस टाकतात! तो रंग उडवतो, ढेप सोन्यासारखी दिसते, आणि घरी डब्यात काही दिवसांनी पुन्हा काळवंडायला लागते. बिनरसायनाचा म्हणून हट्ट धरायचा आणि रसायनानेच पिवळा झालेला उचलून आणायचा, हे शहाणपण आम्ही पाचपाच रुपयांच्या गाइडांतून मिळवलेलं आहे. चुना घातलेला तांबडा, साधा गूळ मागे पडतो.

मिठाबद्दल मी बोलणार नव्हतो, पण तोही प्रश्न त्याच पेपरात होता. मीठ पाण्यात विरघळणे : भौतिक. पोरीने तसंच लिहिलं आणि मार्क मिळवला, म्हणून तिने तक्रार केली नाही. पण विरघळताना मिठातले सोडियम आणि क्लोरिनचे विद्युतभारित कण एकमेकांपासून सुटतात आणि पाण्याचे रेणू त्यांना घेराव घालतात. याला भौतिक म्हणावं की रासायनिक, यावर रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांतच एकमत नाही. मोठी माणसं जिथे भांडतात तिथे सातवीच्या पोरीने मात्र एका शब्दात निकाल द्यायचा!

संध्याकाळी सासूबाई ओसरीवर येऊन बसल्या. वाद त्यांच्या कानावर पडलाच होता. त्यांचं माहेर जुन्या आंबेगावचं. डिंभे धरणात ते गाव पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव त्याचं, कचेऱ्या घोडेगावात. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की जुन्या बांधकामांचे अवशेष उघडे पडतात. त्या म्हणाल्या, “पाणी जातं, भिंती दिसतात. पण जोत्यावर बसायला कोण असतं?” एवढं बोलून त्या वाती वळायला लागल्या. त्यांना भौतिक-रासायनिक काही माहीत नव्हतं, आणि त्यांना त्या वर्गीकरणात ओढायची माझीही छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर नाक्यावर खुद्द सर भेटले. मी रात्रभर भाषण तयार केलेलं. पण सर निघाले अत्यंत गरीब. खिशाला लाल पेन, हातात पेपरांचा गठ्ठा, डोळ्यांखाली काळं. मी माझी चुन्याची, बटाट्याची, गुळाची सगळी हत्यारं एकदम काढली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“साहेब, तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण एका वर्गात साठ पोरं. प्रत्येकाचं ‘दोन्ही’ वाचत बसलो तर दिवाळी पेपरांतच व्हायची. उत्तरसूचीत एकच शब्द असतो.” मग जरा थांबून म्हणाले, “गुळाचं मलापण पटतं. आमचंही गुऱ्हाळ होतं.”

आता अशा माणसाशी भांडायचं कसं? मी त्यांना चहा पाजला. मार्क काही वाढले नाहीत.

निघताना नातीने मला मोटारीपाशी गाठलं. “आजोबा, वार्षिक परीक्षेला परत हाच प्रश्न आला तर काय लिहू?”

मी एवढं तोंड चालवलेलं, पण ऐन वेळी गप्प झालो. सत्य लिही म्हणावं तर मार्क पोरीचे जाणार, माझे नाही. शेवटी म्हटलं, “तुला काय वाटतं?”

तिने याचा विचार आधीच करून ठेवलेला होता. परवा मेहुण्यांचा फोन आला. पोरीने वहीत सरावासाठी उत्तर लिहून ठेवलंय म्हणाले, आणि वाचूनच दाखवलं : ‘कागद फाडणे हा भौतिक बदल आहे. कारण मूळ पदार्थ परत मिळतो, असे सरांचे मत आहे. कागदाचे मत वेगळे आहे.’