मतदारसंघांच्या रेषा आणि साथीचे नियम

कोरोनाची साथ फैलावत असताना ७ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मतदान झाले. मिलवॉकी शहरात एरवीच्या १८० मतदान केंद्रांपैकी, कर्मचाऱ्यांअभावी, पाचच उघडली. मतदार मास्क लावून तासन्‌तास रांगेत उभे राहिले. डेमोक्रॅट गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी आदल्या दिवशी मतदान पुढे ढकलण्याचा आदेश काढला होता. विधिमंडळातील रिपब्लिकन बहुमताने त्याला आव्हान दिले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला. या बहुमताला मतदारसंघांच्या सोयीस्कर आखणीचा टेकू होता. २०१८ मध्ये डेमोक्रॅट पक्षापेक्षा कमी मते मिळूनही कनिष्ठ सभागृहातील ९९ पैकी ६३ जागा रिपब्लिकनांकडे गेल्या. २०२४ मध्ये, नव्या आखणीनंतर, त्या ५४ झाल्या. जागा हमखास असली, की रांगेतल्या मतदाराच्या जिवाची फिकीर उरत नाही. म्हणून मतदारसंघांची न्याय्य आखणी हा सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न ठरतो.