कॉम्प्युटर वर टाकायचं की आयटी?

सीईटीचं पर्सेंटाइल हातात आलं की घरात एक नवीन भांडण सुरू होतं. वडील म्हणतात कॉम्प्युटर, पुण्यात नोकरी करणारा मामा म्हणतो आयटी, शेजारचा दादा म्हणतो सगळं सारखंच आहे, कुठंही घे. आणि यूट्यूबवरचे सर 'सीएस घ्या, सीएस' म्हणून ओरडत असतात. फॉर्म मात्र तुम्हाला भरायचा असतो, आणि त्यात पहिल्या नंबरला एकच गोष्ट टाकता येते.

ही पहिली ओळ आता पूर्वीपेक्षा जास्त महाग झालीये. २०२५ च्या प्रवेशापासून कॅपच्या फेऱ्या चार झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत तुमचा पहिला पसंतीक्रम मिळाला की सीट तिथंच पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी काहीही मिळालं तरी तेच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना हा नियम लागतो. म्हणजे 'बघू, आत्ता काहीतरी टाकून ठेवू, नंतर बदलू' हा आपल्याकडचा लाडका मार्ग बंद झाला. आयटी वर आणि कॉम्प्युटर खाली टाकलं असेल, तर आयटी मिळाल्यावर कॉम्प्युटरची वाट बघता येणार नाही. तेव्हा क्रम लावण्याआधी या दोन शाखांत नक्की फरक काय ते बघून घ्या.

आधी नावांचा गुंता सोडवू. यूट्यूबवरचं 'सीएस' म्हणजे बहुतेक वेळा आयआयटीतलं कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग. आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पदवीचं नाव आहे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. बारामतीत कुणी नुसतं 'सीएस करतोय' म्हणालं, तर तो बहुधा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला असतो, म्हणजे तुळजाराम चतुरचंद कॉलेजात किंवा विद्या प्रतिष्ठानच्या सायन्स कॉलेजात. इंदापूरवाल्यांचा गोंधळ आणखी वेगळा. भीमा ओलांडली की सोलापूर जिल्हा, आणि पंढरपूरच्या स्वेरी कॉलेजात शाखेचं नावच कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग. नाव वेगळं असलं तरी गाभा आपल्या कॉम्प्युटरचाच. (खरं तर हा घोळ अकरावीपासूनच आहे. बायफोकलचं कॉम्प्युटर सायन्स २०० मार्कांचं आणि आयटी हा विषय १०० मार्कांचा. त्यामुळे 'आयटी म्हणजे सोपं' हे डोक्यात तेव्हाच बसतं.)

सोपं वगैरे काही नाही. विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यासक्रम काढा आणि दोन्ही शाखांचे विषय शेजारी ठेवा. डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग, डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर नेटवर्क्स, मशीन लर्निंग, डीप लर्निंग हे सगळं दोन्हीकडे आहे, फक्त सेमिस्टर मागंपुढं. ज्याला सगळे घाबरतात ते थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनसुद्धा दोन्हीकडे तिसऱ्या वर्षाला आहे. फरक कडेला आहे. कॉम्प्युटरवाल्यांना मायक्रोप्रोसेसर, प्रिन्सिपल्स ऑफ प्रोग्रामिंग लँग्वेजेस, सिस्टिम्स प्रोग्रामिंग आणि शेवटच्या वर्षी हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग. आयटीवाल्यांना ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन, इन्फर्मेशन अँड स्टोरेज रिट्रिव्हल, सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजमेंट. ढोबळमानानं सांगायचं तर कॉम्प्युटर मशीनच्या आत थोडं जास्त शिरतं आणि आयटी मशीन वापरणाऱ्या माणसाकडे थोडं जास्त बघतं. 'थोडं' या शब्दावर जोर द्या.

२०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला नवा पॅटर्न आला आणि तो वर्षागणिक वर सरकतोय. स्वायत्त कॉलेजांचा अभ्यासक्रम तर त्यांचा स्वतःचाच असतो. त्यामुळे वरची यादी पाठ करू नका, तुलना कशी करायची एवढंच तिच्यातून घ्या. ज्या कॉलेजात जायचंय त्याच्या वेबसाइटवर दोन्ही शाखांच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पीडीएफ असतात. एक दुपार त्यांच्यावर घालवलीत तर दहा रील्सपेक्षा जास्त कळेल.

मग कॉम्प्युटरची कटऑफ जवळपास सगळीकडे आयटीच्या वर का असते? कारण सगळे ती आधी टाकतात. कटऑफ हा बाजारभाव आहे. मार्केट यार्डात कांद्याला दर चढला म्हणजे कांद्याची चव सुधारली असं कुणी म्हणत नाही, पण शाखेच्या बाबतीत आपण अगदी तेच म्हणतो. कटऑफ बघताना आणखी एक काळजी घ्या. यादीत होम युनिव्हर्सिटी, बाहेरची युनिव्हर्सिटी आणि राज्यस्तर यांचे आकडे वेगळे असतात. चुकीच्या रकान्यातला आकडा बघून 'आपल्याला मिळणारच नाही' असं ठरवणारे दरवर्षी निघतात.

नोकरीचं काय? टीसीएससारख्या मोठ्या सर्व्हिस कंपन्या फ्रेशर घेताना इंजिनिअरिंगच्या सगळ्या शाखांना बसू देतात. तिथं मेकॅनिकलवालाही तुमच्या शेजारी बसून टेस्ट देत असतो. सरकारी बाजूला आयबीपीएसच्या आयटी ऑफिसर पदाला कॉम्प्युटर आणि आयटी दोन्ही चालतात. गेटच्या पेपरचं नावच 'कॉम्प्युटर सायन्स अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' आहे, दोघांना मिळून एकच. मात्र काही सरकारी जाहिरातींत पदवीचं नाव नेमकं लिहिलेलं असतं. तुमच्या डोक्यात एखादी ठरावीक संस्था असेल तर तिच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या जाहिराती काढून शब्द न् शब्द वाचा. शाखेच्या नावामुळे दार बंद होण्याची शक्यता असेल तर ती इथंच, आणि अशा वेळी कॉम्प्युटर जास्त सुरक्षित.

आणि दार उघडलं तरी आत काय चाललंय तेही बघा. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते. बातमीनंतर गावाकडच्या ग्रुपवर 'आयटी संपलं, आता आयटीला जाऊ नका' असे मेसेज फिरले. यातली गंमत अशी, की नोकरीतली 'आयटी' म्हणजे अख्खं क्षेत्र आणि कॉलेजातली 'आयटी' म्हणजे एक शाखा. क्षेत्रात मंदी आली तर ती कॉम्प्युटरच्या पदवीवाल्यालाही तेवढीच लागते. त्या मेसेजला घाबरून आयटीऐवजी कॉम्प्युटर घेणं म्हणजे पाऊस चुकवायला एसटीची एक खिडकी सोडून दुसऱ्या खिडकीशी बसणं.

आता आपल्या भागाचा खरा प्रश्न, आणि माझ्या मते शाखेपेक्षा हा मोठा आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या कॉलेजांसाठी प्रवेशक्षमतेची वरची मर्यादा काढली. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजांना कॉम्प्युटर आणि तिच्या बहिणींच्या, म्हणजे आयटी, एआय, डेटा सायन्सच्या जागा वाढवायला वाव मिळाला. त्यामुळे बारामती-इंदापूरच्या मुलांपुढं नुसतं 'कॉम्प्युटर की आयटी' एवढंच उरत नाही. 'बारामतीत कॉम्प्युटर की पुण्यात आयटी' असं ते होतं. विद्या प्रतिष्ठानच्या कमलनयन बजाज इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्स अशा तिन्ही शाखा आहेत, माळेगावला आणि इंदापूरजवळ वनगळीलाही इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. घरून डबा घेऊन जाता येतं. पुणे बारामतीपासून शंभरेक किलोमीटर, इंदापूरहून आणखी लांब. तिथं चार वर्षं खोली, मेस आणि प्रवास. ऊसाचं बिल कधी येतं त्यावर ज्या घरात फीचा हप्ता ठरतो, तिथं हा हिशोब शाखेच्या आधी करायला हवा.

मुलींसाठी यात एक मोठी सोय आहे. कॅपमधून प्रवेश घेतलेल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. पण हॉस्टेल आणि मेस त्यात नाही, हे घरी आधीच सांगा.

पुणं घ्यायचं तर तिथल्या कंपन्यांसाठी, इंटर्नशिपसाठी घ्या. केवळ 'पुण्यात शिकतो' हे सांगण्यासाठी चार वर्षांचा खोलीभाड्याचा बोजा घेण्यात मला अर्थ वाटत नाही. उलट बारामतीत राहून करण्यासारखं काही नाही असंही नाही. इथल्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीनं ऊसात एआय वापरण्याचा प्रयोग केला. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी २०२५ च्या फेब्रुवारीत त्याचा व्हिडिओ टाकल्यावर तो जगभर पोचला. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाचं चित्र आणि शेवटी शेतकऱ्याच्या मोबाइलवर 'आज पाणी द्या' असा निरोप. यातलं मॉडेल बनवणं कॉम्प्युटरचं आणि मोबाइलवरचा निरोप शेतकऱ्याला कळेल असा मांडणं आयटीचं, असं कागदावर म्हणता येईल. कामाच्या जागी तसं कुणी वाटून देत नाही. हा प्रयोग तुमच्यापासून दहा-वीस किलोमीटरवर चालू आहे आणि फायनल इयरला प्रोजेक्टला विषय सापडत नाही म्हणून हॉटेल बुकिंगची वेबसाइट बनवणारे ग्रुप आपल्याकडे अजून आहेत.

बीएस्सी सीएसबद्दल थोडक्यात. तीन वर्षं, खर्च बराच कमी, सीईटीची घाई नाही. पण एकट्या पदवीवर कंपन्या बहुतेक वेगळ्या, कमी पगाराच्या रांगेत उभं करतात. पुढं एमएस्सी किंवा दोन वर्षांचं एमसीए केलं तर ती दरी बरीच भरते, म्हणजे हिशोब पाच वर्षांचा धरा. बीसीएचा विचार असेल तर लक्षात ठेवा, २०२४ पासून तिला वेगळी सीईटी आहे. बारावीच्या धांदलीत तो फॉर्म राहून जातो.

एकाच कॉलेजात दोन्ही मिळत असेल आणि गणिताशी तुमचं बरं जमत असेल, तर मी कॉम्प्युटर वर टाकेन. पण आयटी चांगल्या कॉलेजात आणि कॉम्प्युटर कमजोर कॉलेजात असेल, तर डोळे झाकून आयटी. कॉलेज चांगलं की कमजोर हे प्रॉस्पेक्टसवरून कळत नाही. तिसऱ्या वर्षातल्या दोन-चार जणांना गाठा. लॅब खरोखर किती वाजेपर्यंत उघडी असते, डिपार्टमेंटला कायम शिक्षक किती, आणि मागच्या वर्षी प्लेसमेंट झालेल्यांपैकी खरंच जॉइन किती झाले, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नावर कोण गप्प होतं ते बघा.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. तुमचा प्रवेश डिप्लोमाच्या मार्कांवर होतो आणि पहिल्या वर्षाचं गणित तुमचं झालेलं नसतं. २०१९ पॅटर्नमध्ये दुसऱ्या वर्षाचं एम-थ्री दोन्ही शाखांना आहे. कोडिंगमध्ये तुम्ही बारावीवाल्यांच्या पुढं असता, आणि नेमके तिथंच अडकता. सीट कॉम्प्युटरची मिळो की आयटीची, उन्हाळ्यात एम-वन आणि एम-टूची पुस्तकं सीनियरकडून मागून ठेवा.