घाटात इंजिन का तापते?

पळसदरीच्या एका भाजी पिकवणाऱ्या वाचकांनी विचारले आहे : गावात, कर्जतच्या बाजारात गाडी कितीही फिरवली तरी तापत नाही. पुण्यासाठी माल भरून निघालो, खोपोली सोडून घाट लागला, की काटा लाल रेघेकडे सरकतो. नवा रेडिएटर घालावा का?

लगेच घालू नका. इंजिन केव्हा तापते, यावरून दुखणे कुठे आहे ते बरेचसे कळते. उभ्या गाडीत तापते आणि पळताना निवते, तर पंखा पाहावा. त्याचा पट्टा ढिला असेल किंवा विजेचा पंखा फिरत नसेल. थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापले, तर पाणी कमी असेल किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल. आणि फक्त भरल्या गाडीने चढावर तापते, म्हणजे तुमच्यासारखे, तर पहिला संशय चोंदलेल्या रेडिएटरचा.

घाट ही मोठी परीक्षा आहे. पळसदरीवरून खंडाळ्याला चढणारी रेल्वे 1863 साली सुरू झाली. तिचा चढ 37 फुटांना 1 फूट इतका तीव्र, म्हणून अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. आपल्या पिकअपला मागून ढकलणारे कोणी नाही! चढावर डिझेल जास्त जळते, उष्णता वाढते, आणि वेग कमी असल्याने समोरून वाराही कमी लागतो. सपाटीवर झाकून राहिलेला दोष तिथे उघडा पडतो.

भाताच्या झोडणीनंतर पेंढा वाहिला असेल, तर आधी जाळी तपासा. फोलपटे, चिखल, किडे पातळ पत्र्यांत अडकून बसतात. गाडीत एसी असेल तर त्याची जाळी पुढे असते, आणि दोहोंच्या मधला कचरा समोरून दिसतच नाही. गार इंजिनावर, आतल्या बाजूने बाहेर असे साधे पाणी सोडा. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात.

बाहेर स्वच्छ असेल तर आतला गाळ पाहा. वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी घातले की क्षार नळ्यांत धरतात. इंजिन तापल्यावर वरची रबरी नळी कढत आणि खालची गारच राहत असेल, तर पाणी फिरत नाही असे समजा. अशा वेळी थर्मोस्टॅट आधी तपासावा. तो रेडिएटरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. झाकणाचे रबरही बघा. झाकण दाब धरते म्हणून पाणी 100 अंशांच्या पुढेही उकळत नाही. रबर गेले की दाब गेला.

पाणी रोज कमी होते पण गळती दिसत नाही, नळीतून पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ झाले आहे, अशी लक्षणे असतील तर हेड गॅस्केट गेली असण्याचा संभव आहे. मग गाडी चालवू नका, ओढून न्या. चालवलीत तर हेड वाकते आणि हंगामाची कमाई गॅरेजात जाते.

घाटातच काटा चढला तर एसी बंद करा, हीटर असेल तर पुरा उघडा आणि सुरक्षित जागा पाहून थांबा. वाफ येत नसेल तर गाडी उभी करून इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवा. वाफ येत असेल तर लगेच बंद करा. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. उकळते पाणी तोंडावर उडते. तापल्या इंजिनात ओढ्याचे गार पाणी ओतणे तर मुळीच नको, लोखंड तडकते. आणखी एक : चढलेला काटा एकाएकी खाली आला तर खूश होऊ नका. पाणीच संपले असेल तर काट्याला उष्णता कळत नाही.

एवढे पाहून दोष रेडिएटरचाच निघाला, तर जुना पितळी रेडिएटर उघडून नळ्या साफ करून मिळतात. ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचा असेल तर मात्र बहुधा नवाच घ्यावा लागेल. जुने पाणी पूर्ण काढून कंपनीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट भरा, आणि मग माल भरून घाटाला निघा.