नल चेक, पण कुठे?

१२ जून २०२५ रोजी गुगल क्लाउडच्या सेवा जगभर अडखळल्या. कंपनीने नंतर दिलेलं कारण वाचून कितीतरी प्रोग्रामरांनी कपाळाला हात लावला असेल: नल पॉइंटर. कोटा तपासणारा नवा कोड २९ मे रोजीच चढवलेला होता. १२ तारखेला धोरणाची एक नोंद रिकाम्या रकान्यांसह डेटाबेसमध्ये गेली, काही सेकंदांत सगळ्या रीजनमध्ये पोहोचली आणि हा कोड चालवणारा प्रोग्राम जागोजागी क्रॅश होत, पुन्हा उठत, पुन्हा क्रॅश होत राहिला.

टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेत नल आणला आणि २००९ मध्ये त्याला स्वतःच अब्ज डॉलरची चूक म्हटलं, हा किस्सा आता उगाळून गुळगुळीत झालाय. माझं भांडण उपायाशी आहे. असं काही घडलं की फर्मान सुटतं, ‘सगळीकडे नल चेक टाका.’ मग दर चार ओळींमागे ‘नल नसेल तर हे करा’. आणि असेल तर? काहीच नाही! कराचा दर आला नाही, म्हणून कर धरलाच नाही. बिल मात्र छापून गिऱ्हाइकाच्या हातात. प्रोग्राम पडला असता तर लगेच कळलं असतं. हे कळतं जीएसटी भरताना.

कॉटलिन भाषेची पद्धत मला पटते. प्रश्नचिन्ह नसलेल्या टाइपमध्ये कंपायलर नल शिरू देत नाही. तरीही जेव्हीएमवर पब्लिक फंक्शनच्या तोंडाशी तो चेक आपणहून घालून ठेवतो. जावातून कुणी नल पाठवलाच तर पॅरामीटरच्या नावासकट एक्सेप्शन. पळवाट आहेच. जीसनसारखी लायब्ररी जेसन वाचताना कन्स्ट्रक्टरला वळसा घालून थेट फील्ड भरू शकते. जेसनमध्ये पत्ता नसला की नल निषिद्ध असलेल्या जागी नलच बसतो आणि ॲप पडतं भलत्याच स्क्रीनवर.

तेव्हा चेक हवा तो माल आत येतो तिथे: एपीआयचा रिस्पॉन्स, डेटाबेसची नोंद, भरलेला फॉर्म. आतल्या कोडने मग निर्धास्त राहावं. नल सापडल्यावर काय करायचं, हे मात्र कामागणिक बदलतं. कोट्याची तपासणी फसली तरी रिक्वेस्ट पुढे जाऊ द्यायची, अशी रचना गुगलने त्या घटनेनंतर जाहीर केली. कोट्यापुरतं ठीक, खात्यातली शिल्लक तपासताना कुठल्या बँकेने हाच कित्ता गिरवला, तर तिचं दिवाळं निघेल.